ओद्वारआजोबांचा निरोप

आमच्या खालच्या मजल्यावरचा म्हातारा रेडिओशी भांडतो, अशी तक्रार आईने एका संध्याकाळी बाबांच्या कानावर घातली, आणि ओद्वारआजोबा आमच्या घरात शिरले ते तिथून. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला येऊन आम्हाला जेमतेम एक हिवाळा झाला होता. बाबा कंपनीत पत्र्याच्या साच्यांचं डिझाईन करायचे, मी शाळेतून येऊन जर्मन नामांच्या डेर-डी-दासच्या नावाने बोटं मोडत बसायचे आणि आई दिवसभर त्या तीन खोल्यांत एकटी. बाहेर चार वाजताच अंधार, रस्त्यावर माणूस नाही, फक्त शिफ्ट सुटली की गाड्यांची रांग. बोलायला कुणी नाही म्हणून ती भिंतींचे आवाज ऐकत बसायची. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच तक्रार मागे घेतली. "अहो, तो भांडत नाही हो," ती म्हणाली. "मी बाथरूमच्या जाळीला कान लावून ऐकलं. तो बोलतो, मध्येच थांबतो, हसतो, मग हळूच गातो. गाणं संपलं की परत गोड बोलतो. तो रेडिओशी बोलत नाहीये. तो स्वतःच रेडिओ आहे."

"आल्झो, म्हणजे आता शेजाऱ्यांच्या जाळीला कान लावायचे?" बाबा पेपरामागून म्हणाले. पण रेडिओतलं आईला कळत होतं. ती कऱ्हाडची, तिच्या माहेरी रेडिओ लागला की भांड्याचा आवाज केलेला चालत नसे आणि निवेदक नमस्कार म्हणाला की तिची आत्या खरोखर हात जोडायची. तशा घरातली मुलगी या मुक्या गावात येऊन पडली होती. मी तेव्हा आपल्याच तोऱ्यात असे, मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. आज जर्मनीतच, येना गावातल्या या घरात मी एकटी चहा पिते, मुलगा फोनवर माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देतो, तेव्हा त्या जाळीची किंमत कळते.

आमच्या इमारतीत दुपारी रुहेत्साईट असायची, म्हणजे जेवणानंतर दोन तास कुणी हूं की चूं करायचं नाही. मिक्सर नाही, ड्रिल नाही, मुलं जिन्यात धावणार नाहीत. आई त्या वेळात कणीक मळायची, आणि कणीक मळताना तिच्या तोंडून ओवी यायची. तिला ते कळायचंही नाही. आवाज बारीक, थोडा नाकातला, एक ओळ वर जायची आणि दुसरी दमून खाली बसायची. एके दुपारी दारावर टकटक झाली. उघडून बघते तर दाराच्या चौकटीएवढा उंच म्हातारा, जाड विणीचा स्वेटर, खांद्याला टेपरेकॉर्डर, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू आम्हीच त्याला बोलावलं होतं. "इथे कोण गातंय?" त्याने विचारलं.

मी आईला सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "सांग त्यांना, कुणी नाही गात. रेडिओ होता म्हणावं. परत नाही होणार. अगं, सांग ना लवकर, पोलीस बोलावतील मेले!" तक्रारच आली असं तिला वाटलं. म्हातारा मात्र माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो आईच्या कणकेच्या हातांकडे बघत होता. मग त्याने जिन्यातच डोळे मिटले आणि एक गाणं म्हटलं, दोन-तीन ओळींचं. गाई चरायला गेल्या असतील तर त्यांना परत बोलावणारं होतं, हे नंतर कळलं. आवाज वर गेला आणि दमून खाली बसला. आई पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, "यांना आत तरी घे."

ओद्वारआजोबा नॉर्वेचे. समुद्र जिथे डोंगरांच्या आत शिरतो अशा एका कोपऱ्यातल्या शेतावर जन्मले, आणि पुढे कितीतरी वर्षं तिकडच्या रेडिओवर दर रविवारी सकाळी त्यांचा कार्यक्रम असायचा. ते खांद्यावर यंत्र टाकून खेडोपाडी जायचे, गोठ्यात दूध काढणाऱ्या म्हाताऱ्यांकडून, जाळी विणणाऱ्या कोळ्यांकडून गाणी गोळा करायचे आणि रविवारी ती स्वतः गाऊन दाखवायचे. मध्ये गप्पा मारायचे. लोक कॉफीचा पहिला कप त्यांच्यासोबत घ्यायचे. कुणाची गाय व्यायली, कुणाचा मुलगा समुद्रातून परत आला नाही, सगळं लोक त्यांना पत्राने कळवायचे, आणि शेतकरी वासरांना त्यांचं नाव ठेवायचे. हे शेवटचं सांगताना ते फार खूश व्हायचे. आमच्या वोल्फ्सबुर्गात मात्र त्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं. बेकरीतली बाई त्यांना नीट बोला म्हणून दटावायची, कारण ते सगळ्यांना एकेरी 'डू' म्हणत. त्यांच्या देशात राजा सोडला तर सगळ्यांना तसंच म्हणतात म्हणे.

इथे ते बायकोमुळे आले. गिझेला या गावची. माहेरी म्हणून दोन आठवड्यांसाठी दोघं आली, तिला बरं वाटेना झालं, दवाखाना झाला, ऑपरेशन झालं, आणि परत जाणं राहून गेलं. निघायच्या आधीच्या कार्यक्रमात ते नेहमीसारखं म्हणाले होते, "पुढच्या रविवारी भेटू." ते कधी भेटलेच नाहीत. गिझेला गेली, तिला इथल्याच झाडांखालच्या दफनभूमीत ठेवलं, आणि आजोबा तिला सोडून जायला तयार होईनात. पण ते वाक्य त्यांच्या घशात अडकून बसलं होतं. "मी लोकांना पुढच्या रविवारी भेटू म्हणालो," ते आमच्या स्वयंपाकघरात बसून पुन्हा पुन्हा सांगायचे, "आणि पाहुणा मागच्या दाराने पळून जावा तसा पळालो." रोज सकाळी आपल्या खोलीत ते जे बोलायचे तो त्यांचा न झालेला रविवार होता.

आमच्याकडे ते रोज येऊ लागले. आईच्या ओव्या त्यांनी टेप केल्या, "मला मेलीला कुठे गाता येतं" म्हणत म्हणत तिने सगळ्या गाऊन दिल्या. ते तपकिरी चीज घेऊन यायचे, बकरीच्या दुधाचं, आटवून आटवून केलेलं. आईने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि ओरडलीच, "अगं, हा तर साताऱ्याचा कंदी पेढा! फक्त मीठ जास्त पडलंय." एकदा त्यांनी खाचा असलेलं लाटणं आणलं आणि बटाट्याची पातळ पोळी लाटून, तिला लोणी-साखर लावून गुंडाळी करून दिली. आईने तिच्या लाटण्याने तशीच पोळी लाटली, तूप-साखर लावली आणि तशीच गुंडाळी त्यांच्या हातात ठेवली. दोघंही एकमेकांची पोळी खात एकमेकांकडे संशयाने बघत बसली. मला हसू आवरेना. त्या घरात मी इतकी हसल्याचं दुसरं काही आठवत नाही.

नावांचा घोळ त्याच दिवसांतला. आईचं नाव त्यांनी विचारलं नाही. मी आई म्हणते ते त्यांनी ऐकलं आणि तिची 'फ्राऊ आई', म्हणजे श्रीमती आई, केली. मग बाबांचं नाव काय, असं त्यांनी तिलाच विचारलं. आली का पंचाईत! आईने जन्मात बाबांचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ती लाजली, पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम तोंड मिटून बसले. "मी त्यांना... अहो म्हणते," ती शेवटी म्हणाली. झालं. त्या संध्याकाळी बाबा दमून जिना चढत होते आणि खालच्या दारातून गंभीर, प्रेमळ आवाजात हाक आली, "गुटन आबेंट, हेर आहो!" बाबा जागच्या जागी थिजले. वर येऊन म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला काय शिकवून ठेवलंयस? अख्ख्या जिन्यासमोर मला अहो म्हणतोय!" आई म्हणाली, "मग काय तुमचं नाव घेऊ त्यांच्यासमोर?" हा प्रश्न तिथेच संपला. बाबा पुढे कायम हेर आहो, म्हणजे श्रीयुत अहो, राहिले, आणि मला वाटतं त्यांना ते आवडायचं. कंपनीत त्यांच्या आडनावाचे रोज नवे तुकडे पडत होते.

पुढच्या वर्षी आजोबा विसरायला लागले. आधी किल्ली, मग गॅस, मग जर्मन शब्द. बेकरीत उभं राहून ते पावाकडे बोट दाखवायचे. कप, चमचा, शुक्रवार, माझं नाव. डॉक्टरांनी गिझेलाच्या भाचीला, हेल्गाला, स्पष्ट सांगितलं की हे वाढतच जाणार. आणि नाव आठवेना की आजोबा काय करायचे? "अहो," म्हणायचे. मला अहो, आईला अहो, पोस्टमनला अहो. बाबांचं नाव म्हणून शिकलेला शब्द, पण तो कुणालाही चालतो हे त्यांना आपोआप उमगलं होतं. आपल्याकडे ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला हाक मारायला तो शब्द असतो, आणि त्यांच्याकडे तर कुणाचंच नाव उरत नव्हतं. आई त्यांच्या प्रत्येक अहोला ओ द्यायची. आत जाऊन रडायचीही. परवाच इथे येनात मला समोरच्या घरातल्या बाईंचं नाव आठवेना, जिन्यात नुसतीच हसून उभी राहिले.

अशात नॉर्वेहून फोन आला. आजोबांच्या हाताखाली शिकलेली इंग्रिड आता त्यांचा रविवार चालवत होती. लोक अजून विचारतात, ती म्हणाली, तुम्ही फोनवरून थोडा वेळ बोलाल का? आजोबांचा चेहरा त्या दिवशी पाहायला हवा होता. हेल्गा मात्र ऐकून ताडकन आली. ती वाईट बाई नव्हती, त्यांचे कपडे, औषधं, सगळं तीच बघायची. आमच्याच टेबलाशी बसून ती म्हणाली, "तिथल्या लोकांच्या कानात ते आहेत तसे आहेत. तेवढंच त्यांचं शिल्लक आहे. तेही घालवायचं? अख्ख्या देशासमोर ते अडखळणार, आणि लोक हळहळणार. मी नाही होऊ देणार." बाबा म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी भाषांतर करत होते आणि मलाही हेल्गाचंच पटत होतं.

आईला नाही पटलं. ती बाबांसमोर कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. "अहो, माणूस शेजारच्या घरी चहाला गेला तरी येतो म्हणून उठतो. यांनी एवढ्या लोकांच्या घरात आयुष्य काढलं आणि न सांगता उठून आले. ते त्यांना जाळतंय. आणखी सहा महिन्यांनी त्यांना ते जाळतंय हेसुद्धा आठवणार नाही. मग काय उपयोग? आत्ता बोलू द्या. अडखळले तर अडखळू द्या." मी हे हेल्गाला जर्मनमध्ये सांगितलं, जमेल तसं. हेल्गाने कप बाजूला सारला. शेवटी म्हणाली, "मग तयारी तुम्ही करून घ्या. मला ते बघवणार नाही."

मग आईने तयारी करून घेतली. आजोबांना कागदावरचं वाचता येईनासं झालं होतं, अक्षरं हलतात म्हणायचे. त्यामुळे जे करायचं ते तोंडी. आई पोळ्या लाटायची आणि ते समोर बसून आपला निरोप म्हणायचे, त्यांच्या भाषेत. त्यात काय काय आहे ते सुरुवातीला त्यांनीच मला कसंबसं जर्मनमध्ये सांगितलं होतं: पुढच्या रविवारी येतो म्हणालो आणि आलो नाही, माझी बायको आजारी होती, तुम्ही माझ्यासाठी कॉफी ओतून ठेवली असेल ती थंड झाली असेल, मला क्षमा करा. मग गाईंना बोलावायचं गाणं. आणि शेवटी, पाहुणे निघताना तिकडे म्हणतात ते, माझ्याबद्दल आभार. ते 'तक फोर माय' असं काहीतरी ऐकू यायचं. आईची खात्री होती की म्हातारा शेवटी मायचं, आपल्या आईचं, नाव घेतो. मी सांगितलं, माय म्हणजे त्यांच्यात मी, तर म्हणाली, "असेल. पण म्हणताना बघ त्याच्या तोंडाकडे." पोळीमागून पोळी, दिवसामागून दिवस, आईला तो सगळा निरोप पाठ झाला. अर्थ माहीत नसलेले शब्द, पण कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं. ते अडले की ती पुढचा शब्द टाकायची, कऱ्हाडी हेल काढून, आणि ते तो उचलून पुढे जायचे.

त्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्या खोलीत होतो. आजोबांनी टाय लावला होता. फोनवर कुणाला टाय दिसतोय, असं मी म्हणाले तेव्हा आईने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. हेल्गा नाही नाही म्हणत आलीच आणि दारापाशी उभी राहिली. फोन वाजला. इंग्रिडचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. ती काहीतरी म्हणाली, आनंदाने, आणि थांबली. आता आजोबांनी तिच्या नावाने सुरुवात करायची होती. आणि नावच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. रिसीव्हर कानाला लावून ते आमच्या चेहऱ्यांवर एकेक करून नाव शोधत होते. आईला निरोप पाठ होता, पण सरावात इंग्रिड कधी आलीच नव्हती. मला ठाऊक होतं, पण मी नुसती आईकडे बघत राहिले. तिकडे तो सगळा देश शांत झाला होता. हेल्गाने डोळ्यांवर हात ठेवला. बाबा फोन घ्यायला अर्धवट उठले.

तेवढ्यात आजोबा म्हणाले, "अहो."

इतक्या हळुवारपणे म्हणाले की बाबा होते तिथे खाली बसले. आणि त्या शब्दामागून बाकीचे शब्द सुटत गेले, एकही न सांडता. आई ओठ हलवत होती, पण तिला एकदाही बोलावं लागलं नाही. बायकोचं सांगितलं, कॉफीचं सांगितलं, गाणं म्हटलं. गाणं वर गेलं आणि खाली येऊन बसलं. तक फोर माय. पलीकडे इंग्रिड रडत होती, रेडिओवर, सगळ्यांच्या देखत. नंतर तिने पुन्हा फोन केला आणि मला जर्मनमध्ये विचारलं, तो पहिला शब्द काय होता, कुठल्या बोलीतला? मी तिला सांगितलं की आमच्याकडे ज्याचं नाव घेता येत नाही, आणि ज्याच्यावर फार जीव असतो, त्याला तशी हाक मारतात. जगातल्या सगळ्या रेडिओवाल्यांना शांततेची भीती वाटते, तिला त्या वेळी वाटली नाही.

आईने शिरा केला होता. बाबांनी आजोबांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. हेल्गा आईला मिठी मारून रडली. आजोबांनी शिऱ्याची बशी बाजूला ठेवली, टायची गाठ नीट केली, घसा साफ केला आणि आमच्याकडे बघून जर्मनमध्ये विचारलं, "कधी सुरू होणार?"

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. मग त्यांचे डोळे बघितले. ज्यासाठी एवढं केलं ते त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. सगळ्या लोकांना निरोप मिळाला आणि देणाऱ्याच्या हातात काही राहिलं नाही. मी म्हणणार होते, आजोबा, झालं की, छान झालं. आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली, हात मांडीवर ठेवले आणि तिला येत होत्या त्या चार जर्मन शब्दांतला एक म्हणाली, "येत्स्ट." आत्ता. आजोबांनी सगळा निरोप पुन्हा म्हटला. आई ऐकत बसली, माहेरी बसायची तशी. शिरा गार झाला.

पानगळीच्या सुमारास हेल्गाने त्यांना फ्लेगेहाईममध्ये, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात, ठेवलं. दुसरा इलाज नव्हता, एकदा ते पहाटे अनवाणी कालव्यापर्यंत गेले होते. आई आणि मी दर रविवारी बस धरून जायचो. बाबा गाडीने सोडतो म्हणायचे, पण आईला बसच हवी असायची, का ते तिने कधी सांगितलं नाही. तिथे उकडलेल्या बटाट्यांचा आणि साबणाचा वास असायचा. आजोबा खिडकीपाशी बसलेले असायचे, आम्ही दिसलो की ताठ व्हायचे आणि विचारायचे, कधी सुरू होणार? आई म्हणायची, येत्स्ट. मग निरोप व्हायचा. हळूहळू त्यातली वाक्यं गळायला लागली. आधी कॉफी गेली, मग क्षमा गेली. गिझेला बरीच टिकली. गाणं सगळ्यात शेवटपर्यंत होतं. मला तिथे जायचा कंटाळा यायला लागला होता, कारण तेच ते, आणि दर वेळी थोडं कमी. पण आईला एकटीला बसने कसं पाठवायचं, म्हणून मी जायचे.

एका रविवारी त्यांनी विचारलंच नाही. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. आई समोर खुर्ची घेऊन बसली आणि वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "आजोबा, येत्स्ट." ते तिच्याकडे बघत राहिले, ओळख नसलेल्या माणसाकडे सभ्य माणूस बघतो तसे. आई थोडी पुढे सरकली. त्यांचा मोठा, थंड हात तिने मांडीवर घेतला. आणि तिने त्यांचा निरोप म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या भाषेत, कऱ्हाडी हेल काढून, पहिल्या वाक्यापासून. एक अक्षर कळत नव्हतं तिला. पुढच्या रविवारी येतो म्हणालो आणि आलो नाही. कॉफी. क्षमा. हसायचं तिथे ती हसली, थांबायचं तिथे थांबली. गाणं म्हटलं. तक फोर माय.

आजोबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, तिच्या हातावर दुसरा हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले, चांगली दोन-तीन वाक्यं, सावकाश, अगदी स्पष्ट. ती सरावात कधीच नव्हती. आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला नॉर्वेजियन येत नव्हतं, आणि तिथे कुणालाच येत नव्हतं. आजोबा उत्तराची वाट बघत होते.

"हो," आई म्हणाली. "हो, हो."